पोटातले शर्ट

७ ऑक्टोबर

सूनबाईस,

वर काय लिहावं यातच माझी अर्धी सकाळ गेली. पूर्वी मी चि. सौ. लिहायचे. माझा लेक गेल्यावर ते लिहिता येत नाही. नुसतं चि. लिहून पाहिलं, तर शाळेतल्या पोरीला पत्र लिहितेय असं वाटायला लागलं. म्हणून शेवटी सूनबाईस. हेही अजून लागू आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर तसं कळव.

तुझं कार्ड मिळालं. घर सोडून गेलीस त्याला दुसरं वर्ष सरत आलं. एवढ्या काळातलं हे पहिलं कार्ड, आणि त्यात काय, तर "आई, गोधडी कशी शिवायची ते अगदी पहिल्यापासून लिहून पाठवाल का? मला काहीच येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. थोडी घाई आहे." बस, संपलं. तब्येत कशी आहे, जेवतेस का, कुणी सोबतीला आहे का, कशाचाच पत्ता नाही. मी कार्ड उलटून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं. शेवटी कामावर घेऊन गेले आणि इस्त्रीवाल्याला दाखवलं. रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत आता आम्ही दोघंच जुनी माणसं उरलोय. मी फाटक्या चादरी शिवते, तो त्यांना इस्त्री करतो. त्याने कार्ड वाचलं आणि म्हणाला, "मावशी, यात न कळण्यासारखं काय आहे? तिला गोधडी शिवायचीय."

"अरे, पण का?"

"थंडी वाजत असेल."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं! थंडी वाजली तर दुकानात ब्लँकेटं मिळतात. बटण लावायचं म्हटलं तरी तू बोटातून रक्त काढायचीस. माझा शिवणाचा डबा उघडला की तू खोलीतून उठून जायचीस. आणि आता गोधडी, तीही घाईने. चेष्टा करतेस असंही मनात आलं, पण एवढ्या लांबून चेष्टा कोण करेल?

असो. विचारलंस तर सांगते. पत्रातून शिवण शिकवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, तेव्हा शेळ्या भरकटल्या तर मला बोल लावू नकोस.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घे. दोरा सुती घे आणि हातभरच तोड. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते असं वाटतं, पण तो गुंततो आणि मग सोडवत बस. मधल्या बोटात अंगुस्तान घाल, सुई ढकलायची ती धातूची टोपी. सुरुवातीला ते बोटात परक्यासारखं वाटेल, काढून फेकावंसं वाटेल. फेकू नकोस. कपडे आधी धुऊन घे, नाही तर शिवल्यावर आटतात आणि सगळी गोधडी आक्रसते. आणि मुख्य म्हणजे चांगल्या कापडाला एकदम हात लावू नकोस. आधी उशीचा जुना अभ्रा घे, दुहेरी कर आणि त्यावर नुसता धावदोरा घालत राहा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. पी हळद नि हो गोरी असं या कामात चालत नाही.

वाकडं आलं तर येऊ दे. पहिली गोधडी कुणाचीच सरळ होत नाही. मी रुग्णालयाच्या त्या खोलीत कामाला लागले तेव्हा मोठ्या बाई होत्या, त्यांनी मला शिकवलं. माझी पहिली गोधडी त्यांनी दोन कोपऱ्यांना धरून वर उचलली आणि म्हणाल्या, "ही गोधडी आहे की नकाशा?" सगळ्या खोलीत हशा. मला रडू आलं. पण त्यांनी ती उसवायला लावली नाही. म्हणाल्या, "वाकड्या टाक्याने ऊब कमी होत नाही. पुढची शीव."

अभ्रा शिवून झाला की पाठव. आणि गोधडीसाठी कोणते कपडे काढलेत, ते लिहायला विसरलीस.

तुझी सासू

२२ ऑक्टोबर

सूनबाईस,

अभ्रा मिळाला. मुंग्यांची रांग पाहिली आहेस ना? तशी रांग आहे, फक्त मुंग्या प्यायलेल्या आहेत. एक टाका दाण्याएवढा, दुसरा बोटाएवढा. पण शेवटच्या दोन ओळी बघ, पहिल्या दोनपेक्षा बऱ्या आहेत. याचा अर्थ हात शिकतोय. डोक्याला काही कळलं नाही तरी चालतं, हाताला कळलं की झालं. इस्त्रीवाल्यानेही पाहिला. "प्रयत्न चांगला आहे," म्हणाला आणि घाईघाईने इस्त्रीकडे वळला.

सुई वाईट आहे असं लिहिलंस. नाचता येईना अंगण वाकडं. सुई बदलून बघ हवी तर, पण मला वाटतं तू ती मुठीत धरतेस. चिमटीत धर.

आता थर. गोधडीला तीन भाग असतात: तळ, पोट आणि वरचं कापड. तळाला एक सबंध जुनी चादर घे. ती जमिनीवर पसरून कडा ताणून दाबून ठेव. त्यावर पोट, म्हणजे जुने कपडे सपाट करून एकाला एक लागून मांडायचे. वरून पुन्हा सबंध कापड. मग तिन्ही थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. ते शेवटी काढून टाकायचेत, तेव्हा त्यांच्या सौंदर्यावर मेहनत घेऊ नकोस. पक्की शिवण काठापासून सुरू करायची. चारी बाजूंनी एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, असं करत मध्यावर यायचं. दर फेरीला तळहाताने कापड आत सारत राहा. कापड जास्त सैल सुटलं तर मध्यावर झोळ येतो. शिकाऊ माणसाचा झोळ येतोच. आला तर घाबरू नकोस, मला कळव.

पोटात काय घालावं, असं विचारलंस. जे टिकावं असं वाटतं ते पोटात घालावं. वरचं कापड उन्हाने विटतं, घासून फाटतं, चारदोन वर्षांनी बदलावं लागतं. पोटातल्या कापडाला काही होत नाही. मी कितीतरी जुन्या गोधड्या उघडल्या आहेत. वर चिंध्या आणि आत रंग जसाच्या तसा.

मापाचं वाचून मात्र गोंधळले. दोन माणसांच्या पलंगाएवढी? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे आधी अंथरूणच एवढं मोठं कशाला? तू तर एका खोलीत एकटी राहतेस असं शेजारीण म्हणत होती. तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, तिच्या कानांना भिंती आडव्या येत नाहीत.

खरं सांगू? माझ्या मनात एक वेडगळ विचार आला. दोन माणसं म्हणजे तू आणि मी तर नाही? हिवाळा तोंडावर आलाय, मला इथे एकटीला गुडघे धरून बसावं लागतं हे तुला माहीत आहे. सुतावरून स्वर्ग गाठायची माझी सवय जुनीच. काल मी कपाटावरची बॅग खाली काढून पुसूनसुद्धा ठेवली. मग स्वतःचंच हसू आलं. बॅग अजून वर ठेवलेली नाही, एवढं खरं.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, शर्टाची कॉलर आणि कफ कसे काढायचे.

म्हणजे कपडे ते आहेत. त्याचे. तू नेलेले.

आज पुढे लिहीत नाही.

तुझी सासू

३ नोव्हेंबर

सूनबाईस,

दहा-बारा दिवस पुढे काही लिहिलं नाही. तुझं दुसरं कार्ड आलं, त्यालाही नाही. हात चालेना.

आठवतं का तुला? तो तापाच्या निमित्ताने गेला आणि पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा मी त्याचे सगळे शर्ट काढून पलंगावर ठेवले होते. माझी रीत तीच आहे. आपलं माणूस गेलं की त्याचे कपडे कापायचे, शिवायचे आणि अंगावर घ्यायचे. माझ्या आईचे मी तसेच घेतले, त्याच्या वडिलांचेही. मी कात्री उचलली आणि तू दारात आलीस. म्हणालीस, "आई, शर्टांना अजून त्याचा वास आहे."

"वास काय, धुतला की जातो," मी म्हणाले.

तू शर्ट उचलून कपाटात ठेवलेस आणि कुलूप लावलंस. त्या दिवसापासून ते शर्ट हे आपल्या घरातलं भिजत घोंगडं झालं. कपाटाची किल्ली तुझ्याकडे, कात्री माझ्याकडे. मग एक दिवस मी कामावरून आले तर तू नव्हतीस आणि कपाट मोकळं होतं. माझ्या लेकाची एक बनियनसुद्धा तू मागे ठेवली नाहीस. लोक विचारत, सून कुठे गेली? मी सांगत असे, नोकरीसाठी गेली. शर्टांचं कुणाला सांगायचं?

तेव्हा मला कापायचे होते आणि तुला नको होतं. आता तू म्हणतेस कापायचे आहेत. मला आनंद व्हायला हवा की नाही? शेवटी माझंच खरं झालं. पण तुझं पत्र वाचलं आणि मी ते घडी करून शिवणाच्या डब्यात तळाला ठेवून दिलं. दोन वर्षं मी कामावर कपडे फाडतेय, कापतेय, आणि सगळा वेळ मनात होतं की लांब कुठेतरी एका कपाटात ते शर्ट अजून शर्टच आहेत. हाताच्या जागी हात, खांद्याच्या जागी खांदा. निळा चौकड्यांचा आहे ना, ज्याच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पडलंय? लिफ्ट दुरुस्त करायला गेला की पान्हे पिशवीत ठेवायचे सोडून खिशात कोंबायचा. मी दहादा तो खिसा शिवला असेल.

कापू नकोस. एकही कापू नकोस.

४ नोव्हेंबर

काल लिहिलेलं खोडत नाही, पत्रात खाडाखोड मला चालत नाही. पण आज सकाळी कामावर गेले तर इस्त्रीवाल्याने एक गोधडी पुढे टाकली. रुग्णालयातून कुणीतरी घरी जाताना टाकून गेलेली. मध्ये गाठी, ढेकळं. कुणी शिकाऊ माणसाने आत पँट पट्ट्यासकट कोंबली होती. मी तासभर चिडत होते. असलं काम माझ्या माणसाकडून झालेलं मला खपणार नाही.

तेव्हा ऐक. शर्ट कापायचा तर नीट काप. कात्री लावू नकोस, आधी शिवणी उसव, ब्लेडने, एकेक टाका. कॉलर काढ, कफ काढ, खिसा काढ, बटणपट्टी काढ. जिथे कापड दुहेरी तिहेरी असतं तिथे सुई जात नाही आणि गोधडीला गाठ येते. बाह्या उलगडून सपाट केल्या की त्या चौकोनाएवढ्याच होतात. बटणं बरणीत ठेव.

आता कालचं ऐकायचं की आजचं, ते तूच बघ. मला विचारशील तर माझं तळ्यात की मळ्यात, मलाच कळत नाही. आणि एक सांग, घाई कसली आहे?

तुझी सासू

२० नोव्हेंबर

तुझं चार पानी पत्र मिळालं.

घाई कसली ते कळलं. ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागलीस त्याच्या मालकाशी तू वर्षअखेरीस लग्न करणार आहेस. तो शांत आहे, कमी बोलतो, त्याची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, वगैरे सगळं वाचलं. मी लग्नाला यावं असंही वाचलं. दोन माणसांचा पलंग कुणाचा, तेही कळलं. बॅग परत कपाटावर ठेवली.

गोधडी तू त्या घरी नेणार आहेस. वर त्याच्या घरच्या पडद्यांचं उरलेलं कापड, आणि पोटात माझ्या मुलाचे शर्ट. "कुणाला दिसणार नाहीत," असं लिहिलं आहेस. वर तोंड करून लिहिलं आहेस. माझी तीन पत्रं होईपर्यंत ताकास तूर लागू दिली नाहीस, माझ्याकडून सगळं शिकून घेतलंस, आणि कशासाठी, तर त्याला पडद्याखाली दडवायला. तो काय चोरी करून पळाला होता?

मला हे समजत नाही. तुला तो विसरायचा असेल तर विसर, कोण अडवतंय? आणि विसरायचा नसेल तर दुसऱ्याच्या पलंगावर कशाला? मी चार वेळा वाचलं पत्र. दर वेळी मला वेगळाच राग येतो.

शर्ट परत पाठव. सगळे.

१० डिसेंबर

सूनबाईस,

पार्सल पोचलं. कामावरून येताना टपाल कचेरीतून आणलं, खांद्यावर टाकून. एवढं जड का, हे मला वाटेत कळेना. मला वाटलं होतं, शर्टांची चळत असेल. निघाली गोधडी. त्याला टाचलेली तुझी चिठ्ठी: "आई, सगळे शर्ट आत आहेत. मला पुढे जमत नाही. उसवून घ्या."

मी ती खोलीभर पसरली. टेबल, खुर्च्या सगळं बाहेर काढावं लागलं. आधी शिवण पाहिली, दुसरं काही बघायच्या आधी माझे डोळे तिथेच जातात, त्याला मी काय करू? काठाची पहिली फेरी म्हणजे तुझ्या त्या प्यायलेल्या मुंग्या. दुसरी जरा शुद्धीवर. तिसऱ्या फेरीला मी चष्मा पुसून पाहिलं. सरळ आहे, बाई. टाका दाण्याएवढा, एकसारखा. हे तू शिवलंस यावर माझा विश्वास बसत नव्हता. मोठ्या बाई असत्या तर काही बोलल्या नसत्या, म्हणजे शाबासकी.

पण पुढे शिवण अडखळलेली. दोरा तुटलेला, सुईचं मोडकं टोक कापडात तसंच राहिलेलं. आणि मध्यावर हा एवढा झोळ. मला वाटलं, कापड सारलं नाहीस. तळहाताने दाबून पाहिलं, तर हाताला काहीतरी लागलं. मी पुन्हा चाचपलं. कॉलर होती.

मग मी खाली बसले आणि हळूहळू सगळी गोधडी चाचपली. इथे खांदा. इथे बाही, कोपरात दुमडलेली. इथे बटणांची ओळ. खिसासुद्धा लागला, त्याचं भोक बोटाला कळलं. तू एकही शर्ट कापलेला नाहीस. घड्या करून, बटणांसकट, कफांसकट, जसेच्या तसे पोटात मांडलेस आणि वरून शिवायला निघालीस. अगं, असं कुणी करतं का? त्यातून सुई जाईल तरी कशी?

मी हसले. मोठ्याने हसले, एकटी, आणि मग रडले. पुष्कळ रडले. शेजारणीने दार वाजवून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, शिवण चुकलीय." ती म्हणाली, "मग उसवा की, त्यात रडता काय!"

मला कळत नाही, तू असं का केलंस. मी कापू नकोस म्हटलं, ते ऐकलंस? मग दुसऱ्याच दिवशी काप म्हटलं होतं, त्याचं काय? की अजूनही तुला कात्री लावता आली नाही? दुसरं लग्न करायला निघालेली बाई तू, पहिल्याच्या शर्टाची कॉलर तुझ्याने उसववत नाही, आणि मी इथे बसून तुला म्हणते की तू त्याला दडवतेस. आपल्या दोघींत शहाणी कोण, ते देवालाच माहीत.

आणखी एक आठवलं. जे टिकावं असं वाटतं ते पोटात घालावं, हे तुला कुणी सांगितलं होतं? मीच ना, अभ्र्याच्या पत्रात? माझंच वाक्य तू पाळलंस आणि मीच तुझ्यावर उखडले. लिहिलेलं आपण स्वतः वाचत नाही, हा माणसाचा दोष आहे बघ.

ब्लेड हातात घेऊन तशीच बसून आहे. दोन बाजू उसवल्या की सगळे शर्ट माझ्या हातात येतील. मी मागितले होते, तू पाठवलेस, यात तुझी काही चूक नाही. कपाट रिकामं आहे, हँगरही आहेत. मग हात का पुढे होत नाही?

इस्त्रीवाल्याला विचारलं. त्याला आता सगळं माहीत आहे, मी लपवून काय करणार? तो इस्त्री फिरवता फिरवता म्हणाला, "मावशी, तुमच्या कपाटात ठेवून काय कराल?"

"बघेन."

"किती दिवस?"

मी त्याला म्हटलं, तू आपली चादर बघ, जळेल.

लग्नाला किती दिवस राहिले ते मला माहीत आहे. तू गोधडीशिवाय जाशील, हेही माहीत आहे. काय करायचं ते अजून ठरत नाही.

तुझी सासू

२१ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

वरचं वाचलंस ना? थोडं आगाऊ लिहिलंय. पत्र पोचेपर्यंत खरं झालेलं असेल. सौ. आणि सूनबाई एका ओळीत शोभतात की नाही, मला सांगता येणार नाही. शेजारीण म्हणेल नाही. तिला दाखवणार नाही.

सोबत गोधडी आहे. आधी ती पसर, मग पत्र वाच.

पसरलीस? दोन्ही हातांनी दाब. सपाट आहे.

मी कापले. तुझ्याने झालं नाही आणि माझ्यानेही होत नव्हतं, पण कुणीतरी करायलाच हवं होतं आणि माझा हात सरावलेला आहे. एका रविवारी सकाळी खिडकी उघडून बसले आणि एकेक शर्ट बाहेर काढला. वास नव्हता, सगळे तू धुतले होतेस. मला वाटलं होतं, वास असेल. निळा चौकड्यांचा शेवटी घेतला. सगळ्यांच्या शिवणी उसवल्या, कॉलरी काढल्या, कफ काढले, बटणं काढली. बाह्या उलगडल्या. उजव्या बाहीवरचा तेलाचा डाग धुऊनही गेला नव्हता, लिफ्टचं तेल ते, जायचं नाही. तो तुकडा उशाकडच्या बाजूला घातलाय. मग सगळे सपाट मांडून पुन्हा वरून तुझ्या चष्मेवाल्याचे पडदे. पडदे चांगले आहेत, कापड दणकट आहे. रंगाबद्दल मी बोलत नाही. चष्म्याच्या दुकानात राहून माणसाने असा रंग निवडावा म्हणजे कमाल आहे.

कापताना मी रडेन असं मला वाटत होतं. नाही रडले. एवढंच मनात येत होतं, की हे असेच राहिले असते तर त्या माणसाच्या पाठीला बटणं रुतली असती. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आणि आपला तो, त्याला कुणाला टोचत राहायला आवडलं नसतं. जिवंतपणी लिफ्टमध्ये दाटी झाली तर स्वतः उतरून जिने चढून जायचा.

हे सगळं मला समजलंय असं धरून चालू नकोस. मला काहीही समजलेलं नाही. तू त्याची राहून दुसऱ्याची कशी होणार, मी कुणाची कोण लागते, चष्मेवाल्याला काय म्हणायचं, जावई म्हणायचं का? इस्त्रीवाला म्हणतो, "नावं सापडतील हो मावशी, आधी चहा घ्या." तू चष्मेवाल्याला पोटातलं सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. त्यात माझा सल्ला मागू नकोस, मी आधी नको म्हणेन आणि दुसऱ्या दिवशी हो.

तुझ्या पहिल्या तीन फेऱ्या मी उसवल्या होत्या, शर्ट काढायला दुसरा इलाज नव्हता. पण जुन्या टाक्यांची भोकं कापडावर दिसत होती. मी त्याच भोकांतून पुन्हा शिवलंय. त्यामुळे पहिली फेरी अजून प्यायलेलीच आहे. हात माझा, वाकडेपणा तुझा. मध्यावर हातभर जागा मी शिवायची सोडली आहे. ती तू पुरी कर. सगळी मी शिवली तर ती माझी गोधडी होईल, आणि माझ्याकडे गोधड्या पुष्कळ आहेत. सुई दोरा ओवून तिथेच टोचून ठेवलीय. घाई करू नकोस, अंगुस्तान घाल, तांदळाचा दाणा विसरू नकोस. चुकलं तर उसव, पुन्हा घाल. तू शिकलीस, बाई. खरंच शिकलीस.

लग्नाला मी येत नाही. मनात राग नाही, पण तिथे उभं राहायला अजून बळ नाही, खोटं कशाला बोलू? थंडी सरली की येईन. गोधडीचं पहिलं धुणं फार जपून करावं लागतं, ते पत्रातून शिकवता येत नाही. बॅग खाली काढलीय.

बटणं सगळी माझ्याकडे बरणीत आहेत. कॉलरीही. त्या मी कापणार नाही, त्या माझ्या.

फक्त एक बटण आत ठेवलंय, निळ्या शर्टाचं. तुझ्या बाजूला, हात सहज जाईल अशा ठिकाणी, चारी बाजूंनी पक्कं टाचून. वरून दिसणार नाही, पण चाचपलंस तर लागेल. चष्मेवाल्याला कधी लागलं आणि त्याने विचारलं, तर सांग, पहिलीच गोधडी आहे, चूक राहून गेली.

तुझी
आई